बेन्स चिली बोल

वॉशिंग्टन शहरातील यू स्ट्रीटवरचे, एकाच कुटुंबाने चालवलेले खाद्यगृह. स्थापना २२ ऑगस्ट १९५८. महबूब बेन अली (१९२७–२००९) आणि व्हर्जिनिया रोलिन्स यांनी पाच हजार डॉलरच्या भांडवलावर ते सुरू केले. दोघांचे लग्न त्यानंतर, ऑक्टोबरात झाले. बेन त्रिनिदादमध्ये जन्मलेले, भारतीय वंशाचे मुसलमान. व्हर्जिनिया कृष्णवर्णीय अमेरिकन. याच रस्त्यावरच्या, कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या इंडस्ट्रियल बँकेत त्या रोखपाल होत्या. जागाही जुनीच निवडली: आधी मिनेहाहा नावाचे मूकपटगृह, नंतर बिलियर्डचा अड्डा.

त्या काळी यू स्ट्रीट ‘ब्लॅक ब्रॉडवे’ म्हणून गाजत होता. वर्णभेदामुळे शहरातल्या इतर भागांत मज्जाव असलेल्या कृष्णवर्णीयांची नाटकगृहे, बँका, दुकाने इथे होती. लिंकन थिएटर तर अगदी शेजारी. खेळ सुटला की लोक खायला येत, म्हणून दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे.

खाद्ययादी मुद्दाम आटोपशीर आहे. मुख्य पदार्थ ‘हाफ-स्मोक’, म्हणजे डुक्कर व गाय यांच्या मांसाचे, हॉट डॉगपेक्षा जाडसर वाटलेले, धुरावलेले सॉसेज. ते पावात घालून वर मोहरीचा सॉस, कांदा आणि तिखट चिली सॉस. चिलीची कृती घरातच गुप्त ठेवलेली आहे. बेन स्वतः धर्मामुळे डुकराचे मांस खात नसत, पण गिऱ्हाइकाच्या ताटात त्यांनी धर्म आणला नाही.

४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि जवळच्याच चौदाव्या रस्त्याच्या नाक्यावरून दंगल पेटली. संचारबंदीतही या दुकानाला उघडे राहण्याची परवानगी मिळाली. पोलीस, अग्निशामक दलाचे जवान आणि आंदोलक एकाच कट्ट्यावर जेवत. काचेवर ‘सोल ब्रदर’ असे लिहिले होते. मालक आपल्यातलाच आहे, दुकानाला हात लावू नका, एवढा त्याचा अर्थ.

खरी परीक्षा मात्र दंगलीनंतर झाली, आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. सुस्थितीतली कुटुंबे वस्ती सोडून गेली, हेरॉइन व नंतर क्रॅक कोकेनचा धंदा बोकाळला. त्यावर कडी म्हणजे मेट्रोसाठी रस्ताच खणून काढला. आजूबाजूची दुकाने बंद पडली. अली कुटुंबाने मोजक्या माणसांवर दुकान रेटले. १९९१ मध्ये दाराशीच स्थानक सुरू झाले आणि गिऱ्हाईक परतले. त्याचबरोबर भाडी चढून जुने रहिवासी मागे हटू लागले.

२००४ मध्ये जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानाने ‘अमेरिकाज क्लासिक्स’ पुरस्कार दिला. १० जानेवारी २००९ रोजी, शपथविधीच्या थोडे आधी, बराक ओबामा इथे जेवून गेले. विनोदी नट बिल कॉस्बी यांच्याशी दुकानाची जुनी मैत्री होती, पण त्यांच्यावरील लैंगिक अत्याचाराच्या आरोपांनंतर २०१७ मध्ये भिंतीवरचे त्यांचे चित्र पुसून नवे भित्तिचित्र काढण्यात आले. दरम्यानच्या काळात मुलांनी कारभार हाती घेतला, बेसबॉल मैदानावर आणि विमानतळावरही दुकाने निघाली. मूळ दुकानालगतच्या गल्लीला ‘बेन अली वे’ असे नाव देण्यात आले आहे.