मॅकफर्सन स्ट्रट
मोटारगाडीच्या निलंबन योजनेतील एक भारवाही दांडा. मळसूत्री स्प्रिंग व द्रवीय धक्काशोषक यात एकाच उभ्या रचनेत बसविलेले असतात. स्ट्रटचे वरचे टोक रबरी आधाराद्वारे गाडीच्या कायेला व खालचे चाकाच्या आधारभागाला जोडतात. पुढील चाक वळते तेव्हा स्ट्रटही त्याबरोबर फिरतो.

इतिहास : घोडागाडीसाठी इंग्लंडमध्ये ओबडाया इलियट यांनी १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार पाट्याच्या स्प्रिंगेचे एकस्व घेतले. आरंभीच्या मोटारगाड्यांतही पाटे व अखंड आस हीच रचना होती. तीत एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्यापर्यंत पोहोचे. इटलीतील लान्चा लॅम्डा (१९२२) या गाडीत पुढील चाके परस्परांपासून स्वतंत्र करण्यात आली. पुढे दुहेरी भुजांची पद्धत रूढ झाली. तथापि ती खर्चिक व जागा अडविणारी होती.

अमेरिकन अभियंते अर्ल स्टील मॅकफर्सन (१८९१–१९६०) यांनी जनरल मोटर्समध्ये शेव्हर्ले कॅडेट या लहान गाडीसाठी वरची भुजाच वगळली आणि तिचे काम स्ट्रटवर सोपविले. हा प्रकल्प १९४७ मध्ये रद्द झाला व ते फोर्ड कंपनीत गेले. ब्रिटनमधील फोर्ड कॉन्सल व झेफर (१९५०) या गाड्यांमुळे ही रचना प्रचारात आली. आडवे एंजिन व पुढील चाकांना चालना असलेल्या लहान गाड्यांना ती विशेष सोयीची ठरली. मात्र चाकाच्या तिरकेपणावर दुहेरी भुजांइतके नियंत्रण तीत राहत नाही.

भारतात अँबॅसडरला पुढे पीळदांडे, तर प्रीमियर पद्मिनीला दुहेरी भुजा व मळसूत्री स्प्रिंगा होत्या. मारुती ८०० (१९८३) पासून स्ट्रट सर्वत्र पसरला.

झीज व बदल : स्ट्रट चाकाची दिशाही सांभाळत असल्याने त्याची झीज केवळ गैरसोयीची नसून धोक्याची असते. तेल गळणे, खड्ड्यानंतर गाडी हेलकावत राहणे, टायर ठिकठिकाणी झिजणे ही तिची लक्षणे होत. अशा गाडीला थांबण्यास अधिक अंतर लागू शकते. एका आसावरील दोन्ही स्ट्रट एकाच वेळी बदलतात व वरचे रबरी आधार आणि धारवे तपासतात. दाबलेल्या स्प्रिंगेत मोठी ऊर्जा साठलेली असल्याने योग्य दाबसाधनाशिवाय वरचा नट सोडविणे प्राणघातक ठरू शकते. शेवटी चाकांचे संरेखन करणे आवश्यक असते.