अठ्ठेचाळीसच का? : दूरसंचाराच्या पाठ्यपुस्तकांविषयी

१९७५ साली मुंबई शहर आणि अंधेरी येथील टेलिफोन एक्स्चेंजांच्या दरम्यान भारतातील पहिली 'पल्स कोड मॉड्युलेशन' यंत्रणा सुरू झाली. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहायचा आणि तारेवरून आवाजाऐवजी आकडे पाठवायचे, अशी ही पद्धत. म्हणजे एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० बिट लागणार. वसई-विरारहून सकाळच्या लोकलने माटुंग्याच्या किंवा अंधेरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी त्या वर्षी रोज या आकड्यांच्या शेजारून प्रवास करत होता. त्याच्या पिशवीतल्या पुस्तकात ते आकडे होते का?

होते, पण पुस्तकापुस्तकात फरक होता. आपल्याकडे पुढे कित्येक वर्षे वापरले गेलेले जॉर्ज केनेडी यांचे पुस्तक १९७० सालचे. त्याचा मुख्य भर रेडिओवर : मॉड्युलेशन, प्रेषक, ग्राहक, अँटेना. टॉब आणि शिलिंग यांच्या १९७१च्या पुस्तकाने मात्र आकड्यांच्या पद्धतीला आणि गोंगाटाच्या गणिताला भरपूर जागा दिली. ही दोन्ही पुस्तके परदेशी, भाषा इंग्रजी. स्वस्त भारतीय आवृत्त्या निघाल्या म्हणून ती आपल्या मुलांच्या हाती पडली.

पाठ्यपुस्तक तंत्रज्ञानाच्या मागे राहते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. आमच्या मते हा दोष लोक मानतात तितका मोठा नाही. १९७९ साली पुण्यात देशातील पहिली प्रकाशीय तंतूची टेलिफोन जोडणी सुरू झाली, तेव्हा विद्यार्थ्याने हाती घ्यावे असे त्या विषयाचे पुस्तक मिळणे कठीणच होते. गेर्ड केइझर यांचे पुस्तक १९८३ साली आणि जॉन सीनियर यांचे १९८५ साली आले. चार-सहा वर्षांचा उशीर सोसता येतो. खरा प्रश्न पुस्तक आल्यानंतर सुरू होतो. त्यात आकडा नुसता दिला आहे, की तो आकडा कोठून आला हेही सांगितले आहे?

तंतूचेच उदाहरण घेऊ. चार्ल्स काओ (२००९चे नोबेल मानकरी) आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली असे मांडले की, काचेतील अशुद्धी काढून टाकल्या आणि प्रकाशाची घट किलोमीटरमागे २० डेसिबलपर्यंत खाली आणली, तर काच टेलिफोनच्या कामाला येईल. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने ही मर्यादा गाठली. पुढे १९७९ साली जपानमध्ये ०.२ डेसिबलचा तंतू तयार झाला. परीक्षेपुरते एवढे पाठ केले तरी भागते. पण २० डेसिबल म्हणजे शंभरावा हिस्सा, हे ध्यानात घेऊन चर्चगेट ते विरार तंतू टाकून पाहा. अंतर सुमारे ६० किलोमीटर. जुन्या तंतूत एकूण घट १,२०० डेसिबल, म्हणजे दहाचा १२०वा घात इतक्या पटीने. एक मिलिवॅटच्या स्रोतातून सेकंदाला बाहेर पडणारे फोटॉन दहाच्या १५व्या घाताच्या काही पटच असतात. विश्वाच्या आरंभापासून तो स्रोत चालू ठेवला असता, तरी विरारला आजवर एकही फोटॉन पोहोचला नसता. नव्या तंतूत घट फक्त १२ डेसिबल, म्हणजे सुमारे ६ टक्के प्रकाश विरारला उतरतो आणि तेवढा कामाला पुरतो. अकरावीच्या लॉगॅरिदमच्या तासाला हे गणित फळ्यावर करता येईल. पुस्तकात 'फायदे : कमी घट' एवढीच ओळ असेल, तर विद्यार्थ्याला यातले काहीच दिसत नाही.

कारण सांगणारी पुस्तके लिहिणाऱ्यांत एक नाव आपल्याच भागातले आहे. भगवानदास पन्नालाल लाठी यांचा जन्म १९३३ साली नांदेडकडच्या भोकर गावी झाला. पुणे विद्यापीठाची अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले, पुढे स्टॅनफर्डची डॉक्टरेट मिळवली आणि कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो येथे प्राध्यापक झाले. १९६५पासून त्यांची पुस्तके निघू लागली. आकडी आणि अनालॉग संदेशवहनावरचे त्यांचे पुस्तक १९८३चे. गणित टाळायचे नाही, पण सूत्राच्या आधी किंवा लगोलग त्याचा भौतिक अर्थ सांगायचा, अशी लाठींची रीत. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली सिद्ध केलेली मर्यादा, म्हणजे वाहिनीची रुंदी आणि संदेश-गोंगाटाचे गुणोत्तर यांवरून ठरणारा कमाल वेग, ते पहिल्याच प्रकरणात ओळखीची करून देतात. रुंदी कमी असेल तर शक्ती वाढवा, शक्ती कमी असेल तर रुंदी वाढवा, हा देवघेवीचा व्यवहार एकदा समजला की पुढची प्रकरणे त्याचीच उदाहरणे वाटू लागतात. ब्रॉडबँड या शब्दातील 'ब्रॉड'चा अर्थही तिथेच कळतो.

१९८३नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघू लागली. वसईत विद्यावर्धिनीचे महाविद्यालय १९९४ साली सुरू झाले आणि या भागातल्या मुलांचा लोकलचा लांबचा प्रवास काहीसा वाचला. विद्यार्थी वाढले, तशी राज्यभर प्रश्नपत्रिकांवर बेतलेल्या पुस्तकांची संख्याही वाढली. या पुस्तकांना नाके मुरडणे सोपे आहे. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला छोट्या वाक्यांचे, परवडणारे, सोडवलेली उदाहरणे देणारे पुस्तक हवे असते, आणि ते त्याला त्यांनीच दिले. पण गुणांच्या मापाने कापलेल्या अशा पुस्तकात 'फरक स्पष्ट करा'चे तक्ते असतात, आकृती असते, व्याख्या असते. 'का' मात्र वगळलेले असते, कारण त्याला गुण नसतात.

याची कसोटी म्हणून आम्ही एक जागा नेहमी पाहतो. त्या दशकातल्या ब्रॉडबँडच्या पुस्तकांत 'एटीएम' (नोटा देणारे नव्हे!) या पद्धतीचे मोठे प्रकरण असे. माहिती ५३ बाइटांच्या छोट्या पुडक्यांत भरायची : ४८ बाइट मजकूर आणि ५ बाइट पत्ता वगैरे. ४८च का? पुष्कळ पुस्तके गप्प बसतात. उत्तर असे. संभाषणातून दर १२५ मायक्रोसेकंदांना एक बाइट तयार होतो. पुडके भरेपर्यंत थांबावे लागते : ३२ बाइटांना ४ मिलिसेकंद, ६४ बाइटांना ८. उशीर वाढला की बोलणाऱ्याला आपलाच प्रतिध्वनी त्रास देतो आणि तो घालवायला यंत्रे बसवावी लागतात. देश लहान असेल तर उशीर कमी ठेवून हा खर्च वाचवता येतो, म्हणून युरोपीयांना ३२ हवे होते. अमेरिकेत अंतरे मोठी असल्याने ती यंत्रे आधीच होती. त्यांना पत्त्यापायी जागा वाया जाणे नको होते, म्हणून ६४. १९८९ साली दोघांनी मधला आकडा घेतला. अभियांत्रिकीतला निर्णय विज्ञान, भूगोल आणि वाटाघाटी यांतून कसा निघतो, हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

एटीएमची जाळी पुढे मागे पडली आणि इंटरनेटच्या पद्धतीने त्यांची जागा घेतली. पण गंमत पाहा. २००५ साली बीएसएनएलने टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड देण्यास सुरुवात केली. वसईत, म्हणजे ०२५० या कोडच्या मुलखात, ज्यांनी ते घेतले त्यांना मोडेम जुळवताना 'व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५' असे आकडे भरावे लागत. हे त्याच पाच बाइटांतले पत्ते. ज्याने 'कालबाह्य' प्रकरण समजून घेतले होते, त्याला त्या चौकटी ओळखीच्या होत्या.

व्याख्यांचे मात्र खरोखरच जुने होते. सरकारच्या २००४च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला किमान २५६ किलोबिट. २०१३ साली ५१२. २०२३ साली २ मेगाबिट. तीन वर्षांची तीन पुस्तके शेजारी ठेवली तर एकाच प्रश्नाची तीन 'बरोबर' उत्तरे मिळतील. हे २ मेगाबिट आपल्याला दुसरीकडूनही ओळखीचे आहेत. ६४ किलोबिटांच्या ३२ वाहिन्या एकत्र केल्या की २,०४८ किलोबिट होतात. टेलिफोनच्या युरोपीय पद्धतीत हा एका जाडजूड वाटेचा वेग होता आणि तीवरून एकाच वेळी ३० माणसे बोलत. उरलेल्या दोन वाहिन्या कशासाठी, हे विद्यार्थ्यांना आधी ओळखू द्यावे. एक, दोन्ही टोकांची घड्याळे जुळवून ठेवण्यासाठी; दुसरी, कोणी फोन उचलला आणि कोणी ठेवला हे कळवण्यासाठी.