नोंद कोणाच्या हाती?

मुरुमच्या या व्यासपीठावर संगणकाच्या नोंदींचा इतिहास सांगावयास आम्ही कामगार चळवळीतली माणसे उभी राहतो, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमचे निम्मे आयुष्य हजेरीपटावरून भांडण्यातच गेले. एका कारखान्यात जादा कामाच्या तासांचा दावा लावला, तेव्हा नेमके तेच रजिस्टर भिजून गेलेले निघाले. आणि ते होते मालकाच्याच कपाटात!

संगणकाचेही असेच आहे. आत कोण आले, केव्हा आले, काय केले, हे तो आपल्या रोजकीर्दीत लिहीत असतो. तिला लॉग म्हणतात. पण चोर शिरून यंत्राचा धनी झाला, की पहिल्याने ती कीर्दच पुसतो.

१९८६ साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला संगणकाच्या हिशेबातील ७५ सेंटांची तूट शोधावयास सांगितले. दुसऱ्याने ती सोडून दिली असती. स्टोलने बाहेरून येणाऱ्या तारांवर छपाईयंत्रे जोडली. घुसखोर जी कळ दाबी ती कागदावर उमटे. संगणकातली नोंद पुसता येईल, खोलीतला कागद कसा पुसणार? माग निघाला तो थेट पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत. त्याच दशकात बर्कलीलाच एरिक ऑलमन यांनी ईमेल वाहणाऱ्या 'सेंडमेल'साठी 'सिसलॉग' रचले. नोंद घडताक्षणीच ती दुसऱ्या यंत्राकडे धाडावयाची, ही वहिवाट त्यातून पडली.

आता आपल्याकडचे पाहू. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, संगणकी दरोडा पडला. एटीएमकडून येणारी विचारणा मुख्य हिशेबापर्यंत पोहोचलीच नाही; मध्ये बसविलेली खोटी यंत्रणाच 'द्या पैसे' म्हणत राहिली. २८ देशांतून रकमा निघाल्या, १३ तारखेस १३.९२ कोटी हाँगकाँगकडे गेले. एकूण ९४ कोटींवर. म्हणजे एका वहीने भागत नाही. एटीएमची, मधल्या यंत्रणेची आणि मुख्य हिशेबाची नोंद एकाच मेजावर यावी लागते, आणि तीही एकाच घड्याळाची. 'सर्ट-इन'ने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात १८० दिवसांच्या नोंदी जपण्याची व घड्याळे जुळविण्याची सक्ती केली, ती उगीच नव्हे.

आमचे एक भांडण मात्र शिल्लक आहे. कामगार यंत्रावर केव्हा बसला, केव्हा उठला, हेही त्याच मध्यवर्ती वहीत जाते. जमविणारा मालक, वाचणाराही मालक. म्हणून हल्ली मागणीपत्रात आम्ही एक कलम घालतो : नोंदीची प्रत कामगारासही मिळावी. दोन ठिकाणी ते मान्य झाले. तिसरीकडे वाटाघाट चालू आहे.