चिरुटांच्या कारखान्यांतील वाचक

पोथी एकानें वाचावी व दहांनीं ऐकावी, हा रिवाज आमच्या घराघरांतून होता. तोच क्यूबा बेटांतील चिरुटांच्या कारखान्यांत रुजला, हें वाचून पुष्कळांस नवल वाटेल. इ. स. १८६५ सालीं हवाना येथील 'एल फिगारो' कारखान्यांत कामगारांपैकींच एकजण मोठ्यानें वाचूं लागला. त्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई बाकीचे वर्गणीनें करीत. हात तंबाखूचीं पानें वळण्यांत गुंतलेले, पण कान मोकळे! सातुर्निनो मार्तिनेस यांचें 'ला औरोरा' हें पत्र या प्रथेचा पुरस्कार करी. श्रोत्यांत निरक्षरच फार. तरी पुढें कोणतें पुस्तक घ्यावयाचें हें तेच ठरवूं लागले, याचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें.

सरकारास मात्र हें खपलें नाहीं. १८६६ मध्येंच बंदीहुकूम निघाला. वाचनानें कामांत व्यत्यय येतो, हें निमित्त. खरें भय निराळेंच असावें. पुढें देशांतर करणाऱ्या कामगारांबरोबर ही प्रथा फ्लॉरिडांतील टँपा शहरीं गेली. तेथें १९३१ सालीं मालकांनीं वाचकांस काढलें व त्यांच्या जागीं रेडिओ आणला. वाचकाचें वेतन कामगार देत, म्हणून वाचक त्यांचा, रेडिओ मालकाचा. क्यूबांतील कारखान्यांत वाचक अजूनहि आहेत: सकाळीं वर्तमानपत्र, नंतर कादंबरी.