मूत्रपिंडाचें यंत्र आणि सरकारी तिजोरी

दोन्ही मूत्रपिंडें कायमचीं निकामी झालीं म्हणजे मनुष्य फार दिवस जगत नाहीं, हा नियम विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत श्रीमंत व गरीब दोघांसही सारखाच लागू होता. रक्तांत साचणारें विष काढून टाकण्याचें साधन वैद्यापाशीं नव्हतें. आणि साधन नव्हतें म्हणून खर्चाचा प्रश्नही नव्हता.

पहिलें चालणारें साधन निघालें तें हॉलंडमध्यें, व तेंही देश जर्मन लष्कराच्या ताब्यांत असतां. कांपेन येथील तरुण डॉक्टर विलेम कोल्फ यांनीं १९४३ सालीं सॉसेजच्या वेष्टनाची सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोंवतीं गुंडाळली व तें पिंप क्षारयुक्त पाण्यांत फिरत ठेविलें. रक्त नळींतून वाहावें आणि त्यांतील विष बाहेर पाण्यांत झिरपावें, एवढीच ती योजना. पहिले बहुतेक रोगी दगावले. १९४५ सालीं ६७ वर्षांची एक स्त्री मात्र वांचली. परंतु ज्यांचीं मूत्रपिंडें कांहीं दिवसांनीं आपोआप पुन्हां चालूं लागणार, अशांनाच या यंत्राचा उपयोग. कारण दर खेपेस नवी धमनी व नवी शीर उघडावी लागे, आणि मनुष्याच्या अंगांत अशा जागा मोजक्याच असतात.

ही अडचण सिॲटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं दूर केली. धमनी व शीर यांस जोडणारी टेफ्लॉनची लहानशी नळी रोग्याच्या हातांतच राहूं द्यावी, ही त्यांची कल्पना. मार्च १९६० मध्यें एका कारागिराच्या हातांत ती बसविली. तो पुढें ११ वर्षें जगला. त्याचा रोग बरा झाला नव्हता. तो केवळ लांबला होता, आणि दर आठवड्यास यंत्र मागत होता.

यंत्रें थोडीं, मागणारे पुष्कळ! १९६२ सालीं सिॲटल येथें उघडलेल्या केंद्रानें निवडीचें काम सात नागरिकांच्या समितीवर सोंपविलें. तींत वकील होता, धर्मोपदेशक होता, बँकेचा अधिकारी होता, एक गृहिणीही होती. वैद्यांनीं ४५ वर्षांवरील माणसें व मुलें आधींच वगळलेलीं असत. उरलेल्यांचें लग्न, मुलेंबाळें, मिळकत, इतकेंच नव्हे तर चर्चमध्यें जाण्याची संवय, हें सारें पाहून समिति निवाडा देई. 'लाइफ' साप्ताहिकानें त्याच वर्षीं ही हकीकत छापली, तेव्हां लोक हादरले. हादरण्यासारखेंच तें होतें. मात्र समितीनें तरी दुसरें काय करावयाचें होतें, याचें उत्तर टीकाकारांपाशींही नव्हतें.

उत्तर शेवटीं तिजोरीनें दिलें. १९७१ त एका रोग्यानें अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें यंत्र लावून घेतलें, आणि १९७२ सालीं कायदा झाला; जुलै १९७३ पासून जवळजवळ प्रत्येक अमेरिकन रोग्याचा हा खर्च सरकारनें उचलला. आरंभीं असे रोगी सुमारें १० हजार होते. आज ते ५ लाखांहून अधिक आहेत. खर्चाचे सारे अंदाज चुकले. पूर्वी जे वगळले जात ते वृद्ध व मधुमेही आंत आले, हें एक कारण. दुसरें कारण साध्या हिशेबाचें. तापाचा रोगी पंधरवड्यांत खाट सोडतो. येथें वांचलेला रोगी खाट सोडीतच नाहीं, आणि नवा रोगी तर रोज दारांत उभा असतो.

भारतांत जिल्हा रुग्णालयांतून गरिबांस मोफत डायलिसिस देण्याची राष्ट्रीय योजना २०१६ सालीं निघाली. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें देशांत १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि मूत्रपिंडें खराब करण्यांत मधुमेह आघाडीवर आहे. यंत्र मोफत झालें. परंतु आठवड्यांतून दोनतीन वेळां चारचार तास त्याला जोडून घेण्यासाठीं खेड्यांतला मनुष्य पहाटेची एस. टी. पकडतो, सोबत घरचें एक माणूस असतें, आणि त्या दिवशींची मजुरी दोघांचीही बुडते.