कोसा, मासा आणि चांद्याचे तलाव

जुना चांदा जिल्हा म्हणजे आजचा चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली. येथील रानात ऐन व अर्जुन हे वृक्ष विपुल आहेत. त्यांच्या पाल्यावर टसराची हिरवी, जाडजूड अळी पोसते आणि स्वतःभोवती कठीण कोष विणते. त्यासच ह्या मुलखात कोसा म्हणतात. भर पावसात ह्या अळ्यांची राखण करावयाची, पाखरे हाकावयाची, एका झाडाचा पाला सरला की त्यांस दुसऱ्यावर नेऊन सोडावयाचे, हे कष्टाचे काम पूर्वापार ढिवर समाज करीत आला. आणि तलावात जाळे टाकणारा समाजही हाच! रेशीम आणि मासा ह्या दोहोंवर उपजीविका करणारे लोक विरळाच.

कोसा शिजवून धागा उकलला म्हणजे आत मेलेला कीटक उरतो. कापडाच्या व्यापारात त्यास मोल नाही. परंतु तो वाळविल्यास त्याच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग प्रथिनांचा भरतो, आणि माशाच्या वाढीस तेच हवे असते. दक्षिण चीनमध्ये पर्ल नदीच्या मुखाकडील शेतकऱ्यांनी हे फार पूर्वी हेरले. तळ्याच्या बांधावर तुती, तुतीच्या पाल्यावर रेशमाचे किडे, किड्यांची विष्ठा आणि उकललेल्या कोषांतील कीटक माशांस, तळ्यातील गाळ पुन्हा तुतीस, असे चक्र त्यांनी बसविले. मिंग आणि छिंग राजवटींत ते भरभराटीस आले. जपानातही कार्प माशांस हेच खाद्य घालीत.

चांद्यास असे चक्र जुळणे अवघड होते. तुती बांधावर लावता येते, ऐन रानातला. शिवाय ढिवराने कोसा विकला की आतला कीटकही त्याच्या हातून जाई, कारण धागा निघावयाचा तो आरमोरी-नागभीडकडील विणकराच्या घरी. तलावांची गोष्ट आणखी निराळी. कोहळी लोकांच्या कौशल्याने उभे राहिलेले हे मालगुजारी तलाव मुख्यतः धानाच्या ओलितासाठी होते. मासा हे दुय्यम उत्पन्न. पाण्यात आपोआप जे निपजे त्यावरच तो वाढे. त्यास विकतचे खाद्य घालावे ही कल्पनाच तेव्हा कोणाच्या मनात कशास यावी?

मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे रोहू, कटला, मृगळ ह्यांचे बीज सोडण्याची पद्धत रूढ झाली आणि खाद्याचा खर्च उभा राहिला. भाताचा कोंडा घरचा, पण पेंड विकतची. मासळीची भुकटी घ्यावी तर ती समुद्रातील लहान मासळीपासून होते, आणि तीच मासळी गरिबांच्याही ताटात जाते. युरोपने २०१७ साली काही कीटकांचे प्रथिन मत्स्यखाद्यात वापरण्यास अनुमती दिली, ती मुख्यतः ह्याच अडचणीपोटी. ज्या गोष्टीचा तेथे नवा शोध म्हणून गाजावाजा झाला, ती आशियातील रेशीमकऱ्यांस जुनीच होती.

चांद्याच्या मुलखात मात्र हा लाभ कोणाचा, हा प्रश्न कोसा कोठे उकलला जातो ह्यावर अवलंबून आहे. ओला कीटक लवकर कुजतो, त्यातील तेल खवट होते. तो तत्काळ वाळवावा लागतो, लांब नेणे परवडत नाही. म्हणून धागा तलावाकाठच्या गावीच निघाला, तरच तो कीटक जाळेवाल्याच्या टोपलीत पडावयाचा.