नांदेडहून येणारं टोपलं

मागच्या साली आमच्या घरधनिणीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन दिवसांनी पुण्याहून भाचीचा फोन आला. म्हणाली, "मामा, मामीला ताजी फुलं पाठवायची होती. मोबाईलवर सगळं भरलं, गुच्छ पण निवडला. शेवटी पिनकोड टाकला तर म्हणे, या ठिकाणी आम्ही पोचवत नाही. तुमच्या गावात फुलंच पोचत नाहीत का हो?"

मी तेव्हा झेंडूच्या वावरात उभा होतो. कमरेइतकी झाडं, नजर जाईल तिथवर पिवळं. हसू आलं. पण लेकरू मनापासून विचारत होतं, म्हणून तिला म्हणलं, "पोचतात बाई. पण कशी पोचतात ते सांगायला येळ लागंल." त्या दिवशी सांगायचं राहिलं, ते आज लिहितो.

आमचं गाव कयाधू नदीच्या खोऱ्यात, कळमनुरी तालुक्यात. कयाधू म्हणजे भक्त प्रल्हादाची आई. तिच्याच नावाची ही नदी वाशिमकडून येते, नर्सीवरून, नामदेव महाराजांच्या गावावरून, हिंगोलीला येते आणि पुढं पैनगंगेला मिळते. उन्हाळ्यात वाळू, पावसाळ्यात पूर. माझ्या लहानपणी हिंगोली जिल्हा नव्हता, परभणी होता. 1 मे 1999 ला आम्ही वेगळे झालो. गावाला पक्की सडक नव्हती, नदीला पूल नव्हता. पण हिंगोलीला रेल्वे होती. निजामाच्या राज्यात 1912 साली पूर्णा ते हिंगोली ही छोटी लाईन सुरू झाली, ती पुढं अकोल्या-खांडव्यापर्यंत गेली. आमच्या भागात लांबून जे काही नवं आलं, ते बहुतेक त्या छोट्या गाडीनंच आलं. फुलंही.

गावात फुलं नव्हती असं नाही. देवाला कण्हेर होती, रुई होती, शंकराला बेल होता. माळावर तरवड पिवळा व्हायचा. पण विकत घ्यायचं फूल, हाराचं फूल, म्हणजे झेंडू, शेवंती, निशिगंध, हे आमच्याकडं कुणी लावत नव्हतं. पाणी विहिरीचं, मोटेचं. त्यात ज्वारी-कापूस भागवायचा का फुलं लावायची? फुलाच्या शेताला लोक हसले असते.

माझा मामा नांदेडला फुलाच्या दुकानात कामाला होता. नांदेडला सचखंड गुरुद्वारा, तिथं बारा महिने फुलं लागतात, म्हणून नांदेडचा फुलबाजार जुना आणि चालता. मामाला मायशिवाय बहीण नव्हती. महालक्ष्म्या आमच्या मराठवाड्यात केवढा मोठा सण, हे सांगायला नको. माहेरून बहिणीला काहीतरी जायलाच पाहिजे. मामाजवळ लुगड्याला पैसे नसायचे, पण फुलं होती. म्हणून तो दर साली महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी फुलांचं टोपलं पाठवायचा.

त्या टोपल्याचा प्रवास मला अजून तोंडपाठ आहे. मामा पहाटे फुलं निवडायचा. ओली फुलं घ्यायची नाहीत, फूल वाळलेलं आणि बांधणी ओली पाहिजे, असं तो म्हणायचा. टोपल्याच्या तळाला केळीचं पान, त्यावर झेंडू, त्यावर शेवंती, मधोमध केवड्याचं एक कणीस. वरून परत पान, मग ओलं गोणपाट, सुतळीनं आवळलेलं. नांदेडहून पूर्णा, तिथं गाडी बदलायची, मग वसमत, मग हिंगोली. हिंगोलीकडं येणाऱ्या कुणातरी ओळखीच्या माणसाजवळ टोपलं द्यायचा आणि त्याला सांगायचा, "पाणी मारू नको, फक्त सावलीला ठेव." टेशनावर बा बैलगाडी घेऊन उभा असायचा. तिथून अडीच कोस गाव.

टोपलं उघडलं की घरभर केवड्याचा वास सुटायचा. आम्ही लेकरं गोणपाटाखाली हात घालायचो. आत ऊब लागायची, कोंबडीच्या अंड्यासारखी. पुढं मी स्वतः फुलं विकायला लागलो तेव्हा त्याचं कारण कळलं. फूल तोडलं तरी ते मरत नाही. ते श्वास घेत राहतं, त्यानं गरमी होते, आणि दाबून भरलं की ती गरमी बाहेर पडत नाही. वरून पाणी मारलं की सडायला सुरुवात. फुलाचा वैरी अंतर नाही, गरमी आहे. म्हणून हॉलंडात फूल तोडल्यापासून गिऱ्हाइकापर्यंत थंड्या खोल्यांत आणि थंड्या गाड्यांत ठेवतात. आफ्रिकेतल्या केनियाचा गुलाब विमानानं तिथं ताजा पोचतो तो त्या गारव्यावर. मामाजवळ गारवा म्हणजे एक ओलं गोणपाट.

मी सातवीत असताना ऐन महालक्ष्म्यांत कयाधूला पूर आला. टोपलं हिंगोलीला आलं, बा गाडी घेऊन गेला, पण परत येता येईना. दोन दिवस बा पलीकडं, आम्ही अलीकडं. महालक्ष्म्या बसल्या, जेवण झालं, आणि टोपलं आलं ते विसर्जनाच्या दिवशी. उघडलं तर वरची शेवंती काळी पडलेली, खाली नुसता चिखल. मी रडलो. माय रडली नाही.

कारण महालक्ष्म्यांपुढं त्या साली झेंडू होताच. मामानं पाठवलेल्या फुलांचं तोरण माय कधी टाकून देत नव्हती. चौकटीवर वाळू द्यायची, मग हातावर चोळून काळं काळं बी तुळशीजवळ आणि उकिरड्याच्या कडंला फेकायची. त्या पावसाळ्यात ते रान पिवळं झालं होतं. मी टोपल्याकडं बघून तोंड पाडून बसलो तेव्हा ती म्हणाली, "काऊन रडतूस? मामाची फुलं तर परवाच वाहिली की. ही आंगणातली कुणाची हायेत?"

तिनं सडलेलं टोपलं तुळशीच्या मुळाशी रिकामं केलं आणि मामाला कार्ड लिहायला मला बसवलं. "फुले पोचली, महालक्ष्म्या चांगल्या झाल्या," असं लिहायला लावलं. मला ते खोटं वाटलं होतं. आता वाटत नाही.

आपल्याला वाटतं झेंडू आपलाच. दसऱ्याला झेंडू, दिवाळीला झेंडू, गाडीला, नांगराला, वहीला झेंडू. पण हे झाड मूळचं मेक्सिकोचं. पोर्तुगीज लोकांनी ते सोळाव्या शतकात आपल्याकडं आणलं असं जाणकार सांगतात. तिकडं नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत गेलेल्या माणसांचा सण असतो. झेंडूच्या पाकळ्या घरापर्यंत अंथरतात, म्हणजे गेलेल्या माणसाला वाट सापडते. एवढ्या लांबून आलेलं फूल आपलं झालं, ते बियानं. तोडलेलं फूल दोन-चार दिवसांचं, बी मात्र समुद्र ओलांडून आलं.

मी दहावी झालो आणि शेतीला लागलो. पुढं गावाला सडक झाली, एसटी आली, नदीला पूल झाला. बोअर पडलं, ठिबक आलं. मग मी पंधरा गुंठ्यांत झेंडू लावला. मायच्या उकिरड्याचं बी नव्हे, दुकानातलं पुडीचं. पण लावायची हिंमत आली ती त्या उकिरड्यावरून. हिंगोलीचा दसरा मोठा, मैदानावर लांबलांबचे लोक येतात, तेव्हा फुलाला मागणी. नाही तर नांदेडची आडत. सकाळी तोडा करायचा, क्रेट भरायचे, टेम्पोत टाकायचे. छोटी लाईन जाऊन 2008 साली मोठी लाईन झाली. जिथून टोपलं यायचं, तिथं आता आमची फुलं जायला लागली. पहिली पट्टी हातात आली तेव्हा मी मामाला दाखवायला गेलो. मामा म्हातारा झाला होता. पट्टी उलटीसुलटी करून म्हणाला, "आता तू मला धाड."

मग 2020 साल आलं. पाडव्यासाठी जानेवारीत रोपं लावलेली. फुलं ऐन भरात, आणि 25 मार्चला, नेमक्या पाडव्याच्या दिवशी, देश बंद. मंदिरं बंद, लग्नं बंद, फुलबाजार बंद. रामनवमी गेली, हनुमान जयंती गेली. फूल झाडावर वाळायला लागलं. औषधपाण्याचा खर्च अंगावर. शेवटी रोटाव्हेटर फिरवायचं ठरवलं. ट्रॅक्टरवाल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी ये म्हणून सांगितलं.

त्याच रात्री माय गेली. वय झालं होतं, झोपेतच गेली.

बहीण पुण्याला. गाड्या बंद, रस्त्यावर नाके, परवानगीचे कागद. वीस माणसांच्या वर मौतीला जमायचं नाही असा नियम. पहाटे तिला फोन लावला. ती किती तरी वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "दादा, मी काही येऊ शकत नाही. माझ्या नावानं चार फुलं टाक मायच्या अंगावर."

मी कंदील-बॅटरी घेऊन वावरात गेलो. पोरगं सोबत आलं. दव पडलेलं होतं. जे फूल सकाळी मातीत जायचं, ते आम्ही दोघांनी तोडलं. दोन टोपली भरली. मामाच्या पद्धतीनं केळीचं पान घातलं, गरज नसताना. तिरडी झेंडूनं झाकून गेली. पोरानं मोबाईल धरला, बहिणीनं पुण्यातून बघितलं. ती एवढंच म्हणाली, "पोचली दादा."

मागं कुठं तरी वाचलं, की 1910 साली अमेरिकेतल्या फुलवाल्यांनी एक युक्ती काढली. लांबच्या गावाला फूल धाडायचंच नाही. तिथल्या फुलवाल्याला तार करायची, त्यानं आपल्या दुकानातलं ताजं फूल पोचवायचं. त्यावर मोठा धंदा उभा राहिला. वाचून मला मायचं वाक्य आठवलं. फूल लांबून येतच नाही. लांबून येतो तो निरोप. फूल जवळचंच असतं. फक्त निरोप ऐकून पहाटे उठणारं, तोडणारं आपलं माणूस तिथं पाहिजे. आपल्याकडची तार 2013 साली बंद झाली, फोन आला, पण हे काही बदललं नाही. ज्या गावात असं माणूस उरत नाही, तिथं कोणताही पिनकोड चालायचा नाही. आमच्या गावातली निम्मी घरं आता कुलूपबंद आहेत, म्हणून हे लिहावं वाटलं.

त्या दिवशी भाचीचा फोन ठेवला आणि ओंजळभर फुलं तोडली. घरी बायको डोळ्याला काळा चष्मा लावून बाजेवर बसली होती. तिच्या हातात दिली. तिनं वास घेतला आणि विचारलं, "हे काय, भाव पडला का?"

म्हणलं, "नाही. पुण्याहून आलीत."